तिघांतली तिसरी

रत्नप्रभा धुरींना कळल्याशिवाय दहिसरच्या त्यांच्या चाळीत आजवर कुणाचं लग्न जमलेलं नाही, आणि मोडलेलं तर नाहीच नाही. चाळ नदीच्या बाजूला, तीन मजल्यांची. धुरींची खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी जिन्याच्या तोंडाशी. दशरथराव सांगतात, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. चाळ म्हणते, बाईंनी जिना बघून घेतली. कुणाच्या हातात मिठाईचा पुडा आहे, कुणाच्या हातात लॅबचा लिफाफा, कुणाची सून माहेरी निघाली आणि तिची पिशवी दोन दिवसांची फुगली आहे की दोन महिन्यांची, हे सगळं दारातल्या स्टुलावर बसून दिसतं.

हे कसब चाळीतलं नव्हे, मरोळचं. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळण्यात बाईंनी सव्वीस वर्षं काढली. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मिळून चौदा बायका, हात तारेत अडकलेले आणि तोंडं मोकळी. अशा ठिकाणी माणूस एकतर गाणी म्हणतो, नाहीतर दुसऱ्याच्या घरात डोकावतो. रत्नप्रभाबाईंचा गळा गाण्याचा नव्हता. मात्र एक मानलं पाहिजे, त्यांची बातमी कधी खोटी निघाली नाही. वर मसाला भरपूर असायचा, पण आतला मासा ताजा असायचा.

आणि सांगण्याची पद्धत अशी की ऐकणाऱ्याचा चहा निवून जावा. म्हणजे समजा, तळमजल्यावरच्या मुलीला नोकरी लागली, तर बाई सुरुवात करायच्या त्या मुलीच्या आजीपासून. ती नाही का घाऱ्या डोळ्यांची, जिने सासूशी भांडून वेगळी चूल मांडली आणि मग सासूलाच जेवायला बोलावलं, तिची नात, जी दहावीला गणितात गेली होती पण बापाला सांगितलं भूगोलात, तिला म्हणे वांद्र्याला ऑफिसात घेतली. एका दमात.

मागल्या वर्षी हा दम गेला.

तो एकदम गेला नाही. आधी बातमीतली विशेषणं गेली. मग आज्या गेल्या, सासवा गेल्या. मग राहिलं नुसतं, "खालची. नोकरी लागली." दिवाळीच्या सुमाराला तर बाई स्टुलावर बसून नुसती मान हलवायच्या आणि येणाऱ्याने त्यावरून काय ते समजून घ्यायचं. शेजारची रेवती, जिचं अर्धं आयुष्य बाईंच्या बातम्यांवर पोसलेलं, ती तोंडावरच म्हणाली, "काकी, तुम्ही हल्ली फारच गाळून सांगता."

दशरथरावांना वाटलं, बायको रागावली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प झाली होती दोनदा, आणि दोन्ही वेळा चूक त्यांचीच होती. गिरणीतून संपानंतर बाहेर पडलेला हा माणूस, स्वभावाने मुकाट. आठ दिवस ते आपली चूक आठवत राहिले. एक सापडलीसुद्धा, ती कबूलही करून टाकली. बाईंना ती माहीत नव्हती. ते प्रकरण वेगळं. पण तिला झोपताना तीन उशा लागतात, पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि जिन्यात ती मधल्या कट्ट्यावर उगाच कुणाची तरी वाट बघितल्यासारखी उभी राहते, हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलाला, सिद्धेशला, फोन केला. मुलगा मुलुंडहून आला आणि आईला बोरिवलीच्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर मृणालिनी म्हणजे पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला सावकाश. हृदयाच्या नळ्या तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. अॅटॅक वगैरे काही आलेला नव्हता. पण हृदय मोठं होऊन सैलावलं होतं. ज्याने दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलायचं, ते चोवीस टक्के ढकलत होतं. चार महिने गोळ्या झाल्या, थोडा उतार पडला, फार नाही. मग मॅडमनी कार्डिओग्रामची पट्टी टेबलावर पसरली आणि पेन ठेवून दाखवलं. ठोक्याची जी उभी रेघ तीन बारक्या चौकोनांच्या आत मावायला हवी, ती बाईंच्या पट्टीत चार चौकोन खाऊन बसली होती.

"तुमच्या हृदयात ठोक्याचा निरोप उजव्या बाजूला वेळेवर जातो," मॅडम म्हणाल्या, "डाव्या बाजूला उशिरा पोचतो. म्हणून दोन भिंती एकदम आवळत नाहीत."

असलं दुखणं दुसऱ्या कुणाला समजायला आठवडा लागला असता. रत्नप्रभाबाईंना तिथल्या तिथे समजलं. निरोप उशिरा पोचला की काय अनर्थ होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. घरी येऊन रेवतीला त्यांनी, तीनदा थांबून, सांगितलं: गोधडी पिळताना दोन टोकांना दोघी उभ्या असतात ना, एकीने पीळ दिला आणि दुसरी अजून पदर खोचतेय, तर पाणी गोधडीतच राहणार. आता गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवणार, तिच्यातून तीन तारा आत सोडणार, आणि दोघींच्या कानात एकाच वेळी सांगणार, हां, पीळ.

इथवर ठीक होतं. पण सिद्धेशने मॅडमना विचारलं की गुण येईलच ना. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, साधारण तिघांतल्या दोघांना चांगला फरक पडतो, एकाला पडत नाही. कुणाला पडेल याचा अंदाज बांधता येतो: पट्टीतली रेघ रुंद असली, निरोप डावीकडेच अडलेला असला, अॅटॅक आलेला नसला, पेशंट बाई असली, तर पारडं जड. धुरीबाईंचं चारही बाबतींत जड होतं. तरी अंदाज तो अंदाजच. काहींना तर पहिले दोन-तीन महिने नुसतं मनानेच बरं वाटतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं. तीन महिन्यांनी चालवून बघायचं, मग सोनोग्राफीसारखी इको काढायची, आणि गुण नसेलच तर पुन्हा उघडून डावीकडची तार दुसऱ्या जागी बसवता येते का ते पाहायचं.

चार बाबतींतलं जड पारडं बाईंच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं. डोक्यात राहिला तो तिसरा. त्यांनी विचारलं, "तो तिसरा कोण?"

मॅडमना वाटलं, पेशंट गमतीत बोलतेय. त्या हसल्या. बाई गमतीत अजिबात नव्हत्या. तिघांतला एक, म्हणजे कुणीतरी असणारच, आणि जो आहे त्याला नाव-गाव असणारच. ऑपरेशनच्या आठवड्यात त्यांनी वॉर्डात चौकशी केली. त्या आठवड्यात ही तीन तारांची डबी बरोब्बर तिघांना बसली होती: स्वतः बाई, मुलुंडचे एक पोस्टातून निवृत्त झालेले नाना, आणि घाटकोपरचे हर्षदभाई, ज्यांचं कापडाचं दुकान. झालं. तीन माणसं, तिघांतला एक. बाईंनी दोघांनाही निरखून घेतलं आणि मनाशी ठरवून टाकलं की नाना. त्यांचा रंग बरा नव्हता, आणि ते डब्यातलं लोणचं लपून खायचे. एवढं ठरल्यावर त्या निर्धास्त झोपल्या. तिघांचे फोन नंबर मात्र एकमेकांना दिले-घेतले गेले.

डबी बसली, टाका भरला, बाई घरी आल्या. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मिठाला हात आखडता. मग हळूहळू एक उशी निघाली, दुसरी निघाली. मधल्या कट्ट्यावरचं उभं राहणं बंद झालं. बातम्यांत आधी सासवा परतल्या, मग आज्या, मग विशेषणं. गंमत अशी की याची बातमी काही झाली नाही. गेलेलं माणसाला दिसतं. जे परत येऊन आपल्या जुन्या जागेवर बसतं, ते कुणी बघत नाही. रेवतीचा चहा पुन्हा निवायला लागला, आणि तिला वाटलं, चहाच हल्ली लवकर निवतो.

बाईंना स्वतःला मात्र जाणवत होतं. पण त्या बोलल्या नाहीत. आपण बरे आहोत असं मोठ्याने म्हणायचं नसतं, दृष्ट लागते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. देवगडकडच्या त्यांच्या माहेरी कुणी कसं आहे विचारलं तर उत्तर एकच, चाललंय आपलं. घरात लग्न असो की घरावर झाड पडलेलं असो.

तीन महिने झाले. तपासणीला मॅडम नव्हत्या, परदेशी कसल्याशा परिषदेला गेल्या होत्या. त्यांच्या जागी डॉक्टर देवेश, नवीन, हुशार, घाईत. त्याने डबीवर यंत्र ठेवून तपासलं, डबी चोख चालत होती. मग विचारलं, "आजी, कसं वाटतं? जिने चढताना?"

"चाललंय आपलं," बाई म्हणाल्या.

त्याने मागचा कागद पाहिला. ऑपरेशनच्या आधी याच प्रश्नाला याच पेशंटने हेच उत्तर दिलं होतं. त्याने तेच पुन्हा लिहिलं आणि पुढे लिहिलं, फरक नाही.

मग चालण्याची परीक्षा. तिसऱ्या मजल्यावर तीस मीटरचा पॅसेज, दोन टोकांना दोन केशरी कोन, आणि सहा मिनिटं. आपल्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या, दमलं तर थांबायचं, पुन्हा निघायचं. परीक्षा घेणारी तेजल, नोकरीला लागून तीन आठवडे झालेली. तिच्या हातातल्या कागदावर दर मिनिटाला काय म्हणायचं ते छापलेलं होतं, आणि त्यापलीकडे ती एक अक्षर बोलत नव्हती.

ऑपरेशनच्या आधी याच पॅसेजमध्ये बाई दोनशे सोळा मीटर चालल्या होत्या. खाली मान, भिंतीला हात, आजूबाजूला कोण बसलंय याची शुद्ध नाही. या वेळी मान वर होती. त्यामुळे पहिल्याच फेरीत त्यांना बाकावर बसलेली बाई दिसली, नाकातल्या मुगवटासकट. दुसऱ्या फेरीत त्या बाईने विचारलं, "गाव खंयचा?"

आता दुसरं काही विचारलं असतं तर चालता चालता उत्तर देता आलं असतं. पण कोकणच्या माणसाला गाव विचारलं की पाय थांबलेच पाहिजेत. चालत राहून गाव सांगणं म्हणजे समोरच्याचा अपमान, आणि गावाचासुद्धा. रत्नप्रभाबाई थांबल्या. बाकावरची बाई म्हणजे वेंगुर्ल्याकडच्या शांताबाई, राहायला अंधेरी, नवऱ्याच्या तपासणीला आलेल्या. त्यांच्या भाचीचं लग्न ठरता ठरता अडलं होतं. मुलाने सांगितलं होतं की वांद्र्याला फ्लॅट आहे. तेजल म्हणाली, "छान चाललंय. अजून चार मिनिटं." बाई निघाल्या, कोनाला वळसा घालून परत आल्या आणि पुन्हा थांबल्या, कारण फ्लॅटचं अर्धवट राहिलं होतं. फ्लॅट होता खरा, पण मालक दुबईला, आणि हा नवरदेव तिथल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचा. तिसऱ्यांदा त्या थांबल्या त्या समोरून येणाऱ्या वॉर्डबॉयला सांगायला, की बाबा, तुझा शर्ट उलटा आहे.

सहा मिनिटं झाली. तेजलने टेप लावून मोजलं आणि कागदावर लिहिलं: एकशेऐंशी मीटर. थांबल्या, तीन वेळा.

देवेशने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. आधी दोनशे सोळा, एकदाही न थांबता. आता एकशेऐंशी, तीनदा थांबून. तो सिद्धेशला बाजूला घेऊन म्हणाला की मशीन नीट चालतंय, पण पेशंटमध्ये फरक दिसत नाही. मॅडम दहा दिवसांनी येतील, इको त्याच करतील. पण बहुतेक पुन्हा उघडून तार हलवावी लागेल, तेव्हा अठरा तारीख धरून ठेवू.

बाजूला घेऊन बोललेलं रत्नप्रभाबाईंना ऐकू येणार नाही, असं समजणारा माणूस नवीनच असणार.

घरी येताच त्यांनी नानांना फोन लावला. नाना मुलुंडच्या बागेत फिरत होते, रोज चार चकरा मारतो म्हणाले, आवाज कसा खणखणीत. मग घाटकोपरला. हर्षदभाई दुकानात गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत होते. फोन ठेवून बाई स्टुलावर बसल्या. तीन माणसं. दोघांना गुण आला. मग तिसरी कोण, हे सांगायला डॉक्टर कशाला हवी.

आणि श्वासाचं काय? गेले दोन महिने छान वाटत होतं ते? ते मनानेच. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळपासून त्या अंथरुणाला टेकल्या. काढलेल्या उशा परत आल्या. सिद्धेशने रजा टाकली. सून श्रुतिका डब्यातून पेज पाठवू लागली. आणि चाळीत प्रथमच असं झालं की बातमी धुरींच्या दारातून निघाली, पण सांगणारं कुणी जाणतं नव्हतं, त्यामुळे तिची पार वाट लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत डबीची बॅटरी उतरली होती. पहिल्या मजल्यावर तार तुटून पोटात गेली होती. तळमजल्यावर तर एक काकू पदर डोळ्याला लावून, किती बोलायच्या हो, असं म्हणून मोकळ्या झाल्या. बाईंना हे सगळं रेवतीकडून कळत होतं. मरणाची धास्ती होतीच, पण बातमी अशी कच्ची सांगितली जातेय याचाही त्रास कमी नव्हता.

अठरा तारखेवर कॅलेंडरात कुणीतरी पेनाने गोल केला होता, त्याच्याकडे दशरथराव बघायचे आणि पुन्हा गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला. शांताबाई. नंबर त्यांनी त्या दिवशीच घेऊन ठेवलेला. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी थेट पुढचं सांगायला घेतलं. भाचीने म्हणे लग्नाला होकार दिला. घरच्यांनी विचारलं, का गं, तर म्हणाली, दुसऱ्याच्या कुंड्या जो न विसरता शिंपतो, तो आपलं घर उपाशी ठेवणार नाही. हे ऐकल्यावर पडून राहणं कुणाला शक्य आहे? बाई उठून बसल्या. मग उभ्या राहिल्या. मग फोन कानाला लावून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागल्या. मुलाची आई कोण, भाचीचा बाप काय म्हणाला, हॉल कुठला, याचे प्रश्न, त्यावर स्वतःचं मत, त्या मतावर मरोळच्या टेबलावरचं एक जुनं उदाहरण. वीस मिनिटं. दशरथराव बाजूला सरून कठड्याला टेकून बघत होते.

फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या शांताबाईक तू खंय भेटलंस?"

"हॉस्पिटलात."

"कधी?"

"त्या चालायच्या दिवशी."

"चालण्याच्या आधी की मागीर?"

"मधी," बाई म्हणाल्या.

दशरथरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "मधी म्हणजे?"

"अहो, मधी म्हणजे मधी. तिने गाव विचारलंन. मी काय तशीच पुढे जाऊ?"

बेचाळीस वर्षांत दशरथरावांनी बायकोकडे स्वतःहून बातमी मागितली नव्हती, न मागता मिळत असल्यामुळे. आज ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "पयल्यापासून सांग. तिथे जेवढा बोललंस तेवढाच, आणि तिचाही धर. कमी नको, जास्त नको."

बाईंनी सांगितलं. पहिला थांबा, एक मिनिट दहा सेकंद. दुसरा, पन्नास सेकंद. उलटा शर्ट, अर्धं मिनिट, कारण तो वॉर्डबॉय आधी मान्यच करेना. दशरथरावांनी कॅलेंडरच्या मागे आकडे मांडले. अडीच मिनिटं उभी. साडेतीन मिनिटं चाल. साडेतीन मिनिटांत एकशेऐंशी मीटर, तर पुऱ्या सहा मिनिटांत तीनशेच्या वर. आणि ऑपरेशनच्या आधी, अख्खी सहा मिनिटं मुकाट चालून, दोनशे सोळा.

त्यांनी तीनशेखाली ठसठशीत रेघ ओढली. "तेव्हा तू थांबलंस नाय," ते म्हणाले, "कारण बोलूक दम नव्हतो."

बाईंना लगेच पटलं नाही. तिसरी कोणीतरी असणारच, हा हिशोब डोक्यात घट्ट बसलेला. पण त्या रात्री उशी एकच घेतली.

दुसऱ्या दिवशी मृणालिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा अगदी सरळ ठेवून ऐकलं, फक्त उलट्या शर्टाच्या वेळी खिडकीकडे पाहिलं. मग तेजलला बोलावून विचारलं की तीन वेळा थांबल्या असं लिहिलंयस, त्या का थांबल्या?

"फॉर्ममध्ये किती वेळा एवढंच आहे, मॅडम," तेजल म्हणाली. "का, असं विचारलेलं नाही."

देवेशलाही मॅडमनी हाक मारली. तो दोन्ही कागदांवरचं, चाललंय आपलं, पुन्हा वाचत उभा राहिला. त्याला त्या एवढंच म्हणाल्या की हे उत्तर नाही, हा नमस्कार आहे. जिने चढताना कुठल्या मजल्यावर थांबता, असं विचारायचं. मग स्वतःच विचारलं. बाईंनी आढेवेढे घेतले, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली करून सांगितलं की हल्ली कुठेच थांबत नाही. सांगून झाल्यावर हळूच टेबलाच्या लाकडाला हात लावला.

परीक्षा पुन्हा ठरली. या वेळी तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये, जिथे बाक नाहीत. दशरथरावांना दाराबाहेर बसवलं. मॅडमनी अट एकच घातली: सहा मिनिटं, काय वाट्टेल ते झालं तरी, तोंड उघडायचं नाही.

बाई निघाल्या. एक फेरी, दोन फेऱ्या. हातात रुमाल घट्ट धरलेला. चौथ्या फेरीला पॅसेजच्या मधलं एक दार किलकिलं झालं. आत दोन नर्सा उभ्या होत्या, आणि एक दुसरीला दबक्या आवाजात सांगत होती, "...आणि मग लग्नाच्या दिवशी तो म्हणतो कसा..." रत्नप्रभाबाईंच्या चालीत अर्ध्या पावलाचा घोळ झाला. तेजलने श्वास रोखला. तिच्या कागदावर अशा प्रसंगाला काहीच छापलेलं नव्हतं. बाईंनी रुमाल तोंडाशी नेला आणि त्या दारासमोरून निघून गेल्या. पुढच्या फेरीलाही गेल्या. त्याच्या पुढच्या फेरीला तर दाराकडे पाठ फिरवल्यासारखी मान वळवून गेल्या. एवढा निग्रह त्यांनी डावा हात खाली ठेवायच्या दीड महिन्यातही केला नव्हता.

वेळ संपली. जिथल्या तिथे उभ्या राहा, तेजल म्हणाली, हे छापलेलं होतं. तिने टेप लावला. मग पुन्हा लावला. तीनशे अठ्ठेचाळीस.

मग मॅडमनी बाईंना इकोच्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवलं आणि छातीवर थंडगार जेल लावून ते यंत्र फिरवलं. दशरथरावांनाही आत बोलावलं. पडद्यावर आधी जुनं चित्र दाखवलं: हृदयाची एक भिंत आत आवळतेय आणि समोरची आपल्याच नादात बाहेर झुकतेय. मग आजचं. दोन्ही भिंती एकदम आत, एकदम बाहेर. एकदम आत, एकदम बाहेर. न शिकलेल्या माणसालाही कळावं इतकं सरळ.

"सदतीस टक्के," मॅडम म्हणाल्या. "चोवीसवरून. हृदयाचा आकारही कमी झालाय. आता उघडायचं काही कारण नाही."

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मग तिसरा कोण? नाना तर बागेत फिरतात."

तेव्हा मॅडमच्या सगळा घोटाळा लक्षात आला. त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, तिघांतला एक हा हिशोब हजार माणसांचा असतो, वॉर्डातल्या तीन खाटांचा नव्हे. तिघेही बरे होऊ शकतात. तुम्ही तिघेही झालात. नानांचा आणि हर्षदभाईंचा रिपोर्ट मी सांगणार नाही, पण तुम्ही फोन करून तो आधीच काढलाय म्हणता, तर राहूच दे. गोळ्या बंद करायच्या नाहीत, मीठ वाढवायचं नाही, सहा महिन्यांनी परत यायचं. मग त्यांनी टेबलावरची डायरी उघडली आणि अठरा तारखेवरचं नाव आडवी रेघ मारून खोडलं.

सगळ्यांना वाटलं, आता बाईंना रडू येईल. त्या मजेत होत्या, जेल पुसत होत्या. दशरथराव मात्र उठायला गेले आणि परत बसले. पुन्हा उठायला गेले, पुन्हा बसले. तेजलने पाणी आणलं. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि सावकाश, तळहातावर दिवा घेऊन चालल्यासारखं, खाली तळघरातल्या कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं.

त्यांनी उपमा मागवला. दशरथरावांनी एक प्लेट संपवली, मग दुसरी. दहा दिवस ते नुसता चहा आणि खारीवर होते, हे बाईंना तेव्हा कळलं. पोरांना सांगायचे, जेवलोय. त्यांनी आपली प्लेटही त्यांच्यापुढे सरकवली, सिद्धेशला फोन लावून, रद्द, एवढा एकच शब्द सांगितला, आणि दशरथराव खात असताना, घाई न करता, त्या नर्सांच्या बोलण्यातला नवरदेव लग्नाच्या दिवशी काय म्हणाला असेल याचे तीन वेगवेगळे अंदाज त्यांना सांगितले.

दशरथराव चमचा थांबवून म्हणाले, "दुसरा खरा असतला. जा, विचारून ये. मी हंयच आसय."

बाई उठल्या, पदर सारखा केला आणि जिन्याकडे चालू लागल्या.